सुतळीकाकू आणि उलटी बाजू नसलेला स्वेटर

पडदा अर्धाच चढला होता. सुतळीकाकू स्टुलावर उभ्या होत्या. तोंडात चार कड्या, एका हातात धुतलेल्या पडद्याचा बोळा, दुसरा हात दांडीकडे. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून धाकट्या दिरांची हाक आली.

"वहिनी! अहो वहिनी! लोकरकट्ट्यावर कोणीतरी बँक उघडलीय!"

तोंडात कड्या असल्यामुळे काकूंना नुसतं "ऊं?" एवढंच म्हणता आलं. मग त्यांनी कड्या तळहातावर काढल्या आणि विचारलं, "कोणती बँक?"

"मोठी! नाव, शिक्का, रंग, सगळं हुबेहूब!" भाऊजी धाडधाड जिना उतरून खाली आले. भाऊजी कारखान्याचं विजेचं खातं सांभाळून निवृत्त झालेले. घरात फ्यूज उडाला की त्यांचा चेहरा उजळायचा, इतकी त्यांना बिघाडाची आवड. आज मात्र चेहऱ्यावर पुरता अंधार होता. "आपल्याला जागा देणाऱ्या कंपनीचं पत्र आलंय. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत घाण साफ करा, ती आत कशी आली आणि पुन्हा येणार नाही यासाठी काय केलं ते लेखी कळवा. नाहीतर लोकरकट्टा बंद. बंद म्हणजे, वहिनी, पुसून टाकणार. फोटो, नमुने, सगळं."

त्या दिवशी बुधवार होता. काकू स्टुलावरून उतरल्या आणि पडदा अर्धा तसाच लोंबत राहिला.

आता सुतळीकाकू कोण आणि लोकरकट्टा काय, हे सांगायला हवं.

काकूंनी एकतीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर काढली. माणूस पार्सल घेऊन यायचा, काकू विचारायच्या, "आत काय?" तो म्हणायचा, "पुस्तकं." काकू लिहायच्या, पुस्तकं. वजन करायच्या, तिकिटं लावायच्या. बांधणी ढिली दिसली की आपल्या खणातली सुतळी काढून स्वतः दोन आडवे, दोन उभे फेरे मारायच्या आणि वर अशी गाठ घालायच्या की घेणाऱ्याला कात्रीच लागायची. म्हणून नाव पडलं सुतळीकाकू. लेबल चुकलेलं असलं तरी त्या माणसाला परत पाठवायच्या नाहीत. "असं लिहा हो, म्हणजे जाईल," म्हणून हळूच सांगायच्या. लांबून आलेली म्हातारी माणसं त्यांना दुवा देत जायची. एकतीस वर्षांत त्यांच्या खिडकीवरून गेलेलं एकही पार्सल परत आलं नाही. देवाने हाताला यश दिलं होतं. आणि त्या यशाचा काकूंना, खोटं कशाला बोला, थोडासा ताठाही होता.

निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी यजमान गेले. दिवसभर विणायच्या, तयार झालेलं उसवायच्या, पुन्हा विणायच्या. हे बघून एक दिवस भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारख्या विणणाऱ्या बायका जगात थोड्या आहेत का? त्यांना एका जागी बसवू या." आणि त्यांनी दोन जाडजूड पुस्तकं आणून, चार महिने डोळे फोडून, इंटरनेटवर लोकरकट्टा उभा केला. स्वेटर विणा, फोटो टाका, एकमेकींचं कौतुक करा, भांडा, पुन्हा कौतुक करा. सात वर्षांत दोनशे अडतीस सभासद झाल्या आणि चार हजारांवर फोटो.

कट्ट्याचा एकच कडक नियम होता आणि तो काकूंचा होता. सुलट बाजूचा फोटो टाकला की उलट बाजूचाही टाकायचा. विणकामाची समोरची बाजू काय, कोणीही सजवून दाखवील. गाठी कुठे मारल्या, दोरे कुठे लपवले, रंग बदलताना घाई केली की धीर धरला, ते उलटी बाजू सांगते. "देव आपली उलटी बाजू बघतो," काकू म्हणायच्या, "मग आपण स्वेटरची बघायला काय हरकत आहे?"

भाऊजींनी दारावर एक राखणदार बसवला होता, म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ. फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी असेल तर तो फोटो, आत सोडायचा. नसेल तर बाहेर. झालं काय, बायकांना फोटोबरोबर चौकटीचे नमुनेही टाकायचे असत. कितवा टाका कुठल्या रंगाचा, त्याचे तक्ते. ते एका जुन्या प्रोग्रॅमवर काढलेले, त्यामुळे राखणदार त्यांना हाकलून द्यायचा. बायका कळवळून काकूंकडे यायच्या. आणि काकूंमधली पार्सलवाली जागी व्हायची.

"नावात जेपीजी लिहा हो, म्हणजे जाईल."

गेलं! मग काय, सगळ्याच जणी लिहू लागल्या. पुढे पुढे तर कोणी "टोपी-जेपीजी-नवीन", कोणी "मोजे-जेपीजी-बरोबर-हाच-बघा" अशी शेपटं लावायला लागल्या आणि राखणदार पुन्हा अडवायला लागला. तेव्हा काकूच भाऊजींना म्हणाल्या, "नावात कुठंतरी जेपीजी दिसलं की सोडा ना. आपल्याच तर बायका आहेत!" वहिनींचा शब्द मोडायचा नाही, हा भाऊजींचा लग्नापासूनचा रिवाज. त्यांनी सोडलं.

बुधवारी भाऊजींनी ती खोटी बँक, म्हणजे लोकांना फसवायला मांडलेलं बँकेचं नकली पान, शोधली आणि पुसली. दहा मिनिटांचं काम. वरून धाकटी जाऊबाई चहा घेऊन आली. भाऊजींची बायको ती. जीभ अशी की कात्रीची गरज नाही.

"झालं का बँकेचं दिवाळं काढून?" तिने विचारलं.

"साफ!" भाऊजी म्हणाले.

कप खाली ठेवेपर्यंत बँक पुन्हा उघडली होती.

पुन्हा पुसली. पुन्हा उघडली. तिसऱ्या खेपेला भाऊजी खुर्चीत मागे टेकले. "वहिनी, हे पान आपोआप येत नाही. कोणीतरी आपल्या फोटोंच्या ढिगात एक प्रोग्रॅम सोडलाय. वरून फोटोचं नाव, आत यंत्र. गोगलगाय अन् पोटात पाय. आपण पान पुसलं की तो ते पुन्हा मांडतो."

"पण राखणदार होता ना?"

भाऊजी छताकडे बघत म्हणाले, "होता. तो आता नाव वाचतो, आणि तेही अर्धंच."

खिडकीवर उभा असलेला कोणी माणूस "पुस्तकं" म्हणतोय आणि आपण आतून टिकटिक ऐकू येत असतानाही "पुस्तकं" लिहितोय, असं काहीतरी काकूंच्या डोळ्यांपुढे आलं.

"तुमच्याकडे सगळ्याची एक प्रत असेल ना?" जाऊबाईने विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीची आहे."

"म्हणजे मधल्या दोन वर्षांचे स्वेटर उसवले म्हणायचे!"

"आणि आताची काढली तर चोरही प्रतीत येणार."

"वा! म्हणजे आधी एक होता, मग दोन होतील," जाऊबाई म्हणाली आणि कप उचलून गेली.

गुरुवारी सकाळी भाऊजींना उपाय सुचला. खऱ्या फोटोच्या पोटात, अगदी सुरुवातीलाच, एक ठरलेली खूण असते. नाव बदललं म्हणून ती बदलत नाही. तेव्हा नावं वाचायचीच नाहीत. प्रत्येक फाइल उघडून खूण आहे का ते बघायचं आणि ज्यांना नाही त्या वेगळ्या काढायच्या. "दोन-चार निघतील," ते हात चोळत म्हणाले.

सहाशे त्रेचाळीस निघाल्या.

भाऊजींनी यादी वर-खाली केली आणि हळूच काकूंकडे पाहिलं. काकूंचा चेहरा पडला होता. ते सगळे नमुने होते. आपल्याच बायकांचे, साधेसुधे, प्रेमाने काढलेले, आणि काकूंच्या सांगण्यावरून फोटोचा सदरा घालून आत शिरलेले. त्या सहाशे भोळ्या खोटारड्यांच्या गर्दीत एक खरा चोर आरामात बसला होता.

"सगळ्या पुसून टाकू," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे चोर सोडून संन्याशांना फाशी!"

"चोरालाही देतोय ना."

"आणि संन्याशांनाही! भाऊजी, काही बायकांकडे ते नमुने दुसरीकडे कुठेच नाहीत. आपल्या कट्ट्यावरच्या मोजेआजींचे डोळे गेल्या वर्षी अधू झाले. त्यांना ते पुन्हा काढता येणार आहेत का?"

"मग एकेक उघडून बघू. एकेकाला पाच मिनिटं धरा." भाऊजींनी बोटं मोजली. "पुढच्या शुक्रवारी होईल."

जाऊबाई दारात उभी राहून ऐकत होती. "काय हो," ती काकूंना म्हणाली, "एरवी नुसती नवी टोपी बघून तुम्ही सांगता की ही अमकीच्या हातची. आज काय झालं?"

"अगं, टोपी दिसते. हे दिसत नाही."

"मग काय दिसत नाही, तेच बघा की."

जाऊबाई बोलली ती टोचायलाच. पण काकू थबकल्या. त्यांची नजर अर्ध्याच लागलेल्या पडद्यावर गेली. मग म्हणाल्या, "भाऊजी, ही फाइल कोणी टाकली आणि तिच्याबरोबर काय काय टाकलं, ते तुमच्या यादीत कळतं का?"

"कळतं."

"आपल्या बायका नमुना कधी एकटा टाकत नाहीत. नमुना, सुलट बाजू, उलट बाजू, तिन्ही बरोबर. सात वर्षं मी त्यांच्या मागे लागलेय. तेव्हा ज्या खोट्या फाइलबरोबर उलटी बाजू नाही, तेवढ्याच काढा."

भाऊजींनी बटणं बडवली. सहाशे त्रेचाळीसच्या झाल्या नऊ.

नऊपैकी चार मोजेआजींच्या. आजी फक्त मोजे विणत आणि नियमाला त्यांचा ठाम विरोध होता: "मोज्याची उलटी बाजू पायाने बघावी, जगाने कशाला?" त्या चारही नमुने निघाले, आजींच्या स्वभावासारखे सरळ.

उरलेल्या पाच एकाच सभासदाच्या. नाव: गुलाबी लोकर.

काकूंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई!"

गुलाबी लोकर तीन आठवड्यांपूर्वी कट्ट्यावर आली होती. आल्या आल्या एक फिकट गुलाबी स्वेटर टाकला, पानांच्या जाळीचा, बघत राहावं असा. आणि काकूंना लिहिलं, "ताई, तुमच्यासारखा हात मी कुठे पाहिला नाही." काकूंनी तो निरोप दोनदा वाचला होता. आता खरं सांगायचं तर चारदा. कट्ट्यावरच्या शिट्टीबाईंनी, म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी, लगेच खाली विचारलं होतं: "उलटी बाजू?" आणि नियम करणाऱ्या काकूंनीच त्यांना गप्प केलं होतं: "नवी आहे हो. लाजत असेल बिचारी."

भाऊजींनी पाचातली एक फाइल उघडली. आत ना फोटो, ना नमुना. नुसत्या ओळीच ओळी, हुकूम दिल्यासारख्या. नावात मध्येच जेपीजी होतं आणि मागे तीन अक्षरांचं शेपूट. भाऊजींनी कपाळावर हात मारला. "हे शेपूट बघूनच मी ओळखायला हवं होतं! अशी फाइल आपला संगणक दाखवत नाही, चालवतो!"

"सहाशे शेपटांत तुम्हाला हे एक कसं दिसणार?" काकू म्हणाल्या. "शेपटं लावायला मीच शिकवलं." आणि मग: "तो स्वेटर तरी खरा होता का?"

भाऊजींनी शोध घेतला. स्वेटरचा फोटो दुसऱ्याच कोणाच्या पानावरून उचललेला होता.

"वीण सुरेख होती," काकू म्हणाल्या.

"आता चोराच्या विणीचंही कौतुक करा!" जाऊबाई म्हणाली. "उद्या बोलवा त्याला चहाला."

पाचही फाइली पुसल्या. बँक पुसली. चहा झाला, कप धुऊन झाले, भांडी पुसून झाली, तरी बँक उघडली नाही. मग गुरुवारची उरलेली दुपार भाऊजींनी दाराची डागडुजी केली आणि काकूंना समजेल अशा भाषेत सांगत गेले. राखणदार आता लेबल वाचणार नाही, पार्सल फोडून खूण बघणार. पाठवणाऱ्याने दिलेलं नाव पुसून आपला क्रमांक घालणार. नमुन्यांसाठी वेगळी खिडकी असणार, म्हणजे कोणाला खोटं बोलायला नको. आणि आलेला माल अशा खोलीत ठेवणार की जिथे विजेचं बटणच नाही. आत चुकून यंत्र आलंच तरी ते चालणार नाही, नुसतं पडून राहील. विजेचं उदाहरण देताना भाऊजींचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला.

पण एक गोष्ट ते सांगता सांगता गिळत होते. काकूंना ते कळलं. एकतीस वर्षं माणसं "आत काही नाही हो" म्हणताना कशी दिसतात ते त्यांनी पाहिलं होतं.

"भाऊजी, आत काय?"

भाऊजींनी चष्मा काढला. "तो प्रोग्रॅम तीन आठवडे आत होता. त्याला आपली सभासदांची वही वाचता आली असणार. पासवर्ड मी तसेच लिहून ठेवले होते. कोणी विसरली की फोनवर सांगता यावेत म्हणून. दर आठवड्याला चार फोन येतात, वहिनी. मी म्हटलं, कशाला बायकांना त्रास?"

मग काकूंना हसू फुटलं, आणि ते आवरेना. "आपण दोघं म्हणजे काय भाऊजी! मी दार उघडं ठेवलं, तुम्ही किल्ल्या टेबलावर मांडून ठेवल्या. चोराला पाणी तेवढं विचारायचं राहिलं!"

शुक्रवारी सकाळी कंपनीला पत्र लिहायचं होतं. भाऊजींनी कच्चा मसुदा आणला. त्यात लिहिलं होतं: "आमच्याकडील एका तांत्रिक त्रुटीमुळे." खाली भाऊजींचीच सही.

"ही त्रुटी कोण?" काकूंनी विचारलं. "आपल्यात कोणी त्या नावाचं नाही."

"वहिनी, तुमचं नाव कशाला? सगळ्या बायकांचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हीच चूक केली म्हटलं तर..."

तर काय, ते काकूंनी रात्रभर पुरेपूर विचारात घेतलं होतं. सकाळी देवापुढे बसल्या तेव्हाही प्रार्थनेचे शब्द सोडून "एकही पार्सल परत आलं नाही" हेच मनात घोळत होतं. आता आलं होतं. पण खिडकीवरचा एक रिवाज होता: चूक ज्याच्या हातची, सही त्याची. त्यांनी भाऊजींच्या हातातलं पेन घेतलं आणि मसुद्यात लिहिलं की फाइलला फोटोचं नाव द्यायला मी स्वतः सभासदांना शिकवलं, राखणदार मी ढिला करायला लावला आणि नव्या सभासदाला नियमातून सूट मी दिली. पासवर्डांचं भाऊजींनी आपलं आपण खाली लिहिलं. दोन सह्या झाल्या.

मग तेच सगळं कट्ट्यावर टाकलं. वर मोठ्या अक्षरांत: पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल तर तिथे आधी बदला.

काकू संगणकासमोर अशा बसल्या की जणू त्या अर्ध्या पडद्यामागे लपायला जागा शोधतायत. पहिलं उत्तर शिट्टीबाईंचं.

"मी तेव्हाच उलटी बाजू मागितली होती. तुम्ही म्हणालात, लाजत असेल. आता लाजायची पाळी कोणाची?"

"माझी," काकूंनी लिहिलं.

मग आलं: "ठीक. आज तुम्ही तुमची दाखवलीत. माझा पासवर्ड बदलला. आधीचा 'सुतळी' होता, आता सांगायला हरकत नाही."

अकरा जणी कट्टा सोडून गेल्या. त्यातल्या दोघी काहीही न लिहिता गेल्या आणि ते काकूंना जास्त लागलं. बाकीच्यांचे फोन सुरू झाले. कोणाला पासवर्ड कुठे बदलायचा ते सापडेना, कोणी बदलून लगेच विसरली, मोजेआजींनी "माझा पासवर्ड काय होता?" असं भाऊजींना विचारलं आणि भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा अभिमानाने उत्तर दिलं, "मला माहीत नाही!" काकू एका वहीत नावांसमोर खुणा करत होत्या. जाऊबाईही बोलता बोलता दुसरा फोन घेऊन बसली आणि ज्यांना काकूंनी दहा मिनिटं समजावलं असतं त्यांना तिने दोन मिनिटांत वठणीवर आणलं.

पाचला वीस मिनिटं असताना कंपनीचं उत्तर आलं. साफसफाई तपासली, जागा चालू ठेवत आहोत, तीन महिने लक्ष ठेवू. खाली एक वेगळी ओळ होती, कोणा कारकुनाने आपल्या मनाने घातलेली: "इतकं स्पष्ट कारण लिहिलेलं पत्र आमच्याकडे क्वचित येतं."

"फ्रेम करू?" भाऊजींनी विचारलं.

"आधी वही पूर्ण करू," काकू म्हणाल्या.

वहीत एका नावासमोर खूण नव्हती. लोकरीच्या दुकानाच्या बाई. सकाळपासून त्यांचा फोन लागत नव्हता. आणि जाऊबाईला पक्कं आठवत होतं की त्या गल्ल्यापाशी बसून फुशारकीने सांगत असत, "मी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवते बाई, बँकेलासुद्धा. डोक्याला ताप नाही."

काकूंनी वही पिशवीत टाकली, चष्मा घेतला आणि चपला पायात सरकवल्या. दुकान सहाला बंद होतं. त्याआधी तिथे जाऊन, बाईंना समोर बसवून, बँकेचा पासवर्ड बदलून घ्यायचा होता.